ओढच वाटत नाही, म्हणजे मेंदू बदलला का?

"एकटं राहून राहून माझ्या मेंदूतलं माणसांशी जोडून घेणारं सर्किटच बंद पडलंय का?" हा प्रश्न हल्ली मला वारंवार विचारला जातो. त्यातली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिशीतला तरुण. काम घरूनच, एक नातं तुटलेलं, मित्र हळूहळू दुरावलेले. आधी तो फोन उचलणं टाळू लागला, मग मेसेजला उत्तर देणंही. माझ्याकडे आला तो निष्कर्ष काढूनच. "मॅडम, मला एकटेपणा आता जाणवतच नाही. कुणाला भेटावंसं वाटत नाही. उलट कुणी 'भेटूया' म्हटलं की छातीत धस्स होतं. एकाकीपणानं मेंदूची जोडणी बदलते असं वाचलंय. म्हणजे आता यातून सुटका नाही ना?"

त्यानं वाचलेलं खोटं नव्हतं, अपुरं होतं. इतकं वाचून आलेल्या माणसाला नुसतं "होईल सगळं ठीक" म्हणून पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून मी संशोधनापासूनच सुरुवात केली.

2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत के टाय आणि जिलियन मॅथ्यूज यांच्या गटानं उंदरांना 24 तास एकटं ठेवलं. मस्तिष्कस्तंभात डॉर्सल राफे नावाचा भाग आहे. तिथल्या डोपामिन (मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक द्रव्य) स्रवणाऱ्या पेशींकडे येणारे जोड तेवढ्या वेळात बळकट झाले. प्रकाशाच्या मदतीनं या पेशी मुद्दाम चेतवल्या की उंदीर दुसऱ्या उंदराकडे जास्त ओढला जाई. पण ज्या जागी पेशी चेतवल्या जात, ती जागा मात्र तो टाळू लागे. सोबतीची ओढ लागते तेव्हा आतून बेचैन होतं, आणि ही बेचैनीच आपल्याला दुसऱ्याकडे नेते, असं हा प्रयोग सुचवतो.

माणसांत काय होतं? 2020 मध्ये एमआयटीतल्याच लिव्हिया टोमोव्हा आणि रिबेका सॅक्स यांनी 40 प्रौढांना एक दिवस 10 तास पूर्ण एकटं ठेवलं, फोन नाही, सोशल मीडिया नाही. दुसऱ्या एका दिवशी त्यांना 10 तास उपाशी ठेवलं. नंतर एमआरआय यंत्रात त्यांना माणसांची आणि खाद्यपदार्थांची चित्रं दाखवली. भुकेल्या माणसाच्या मध्यमेंदूत खाणं पाहून जो प्रतिसाद उमटला, तसाच एकटं राहिलेल्यांच्या मध्यमेंदूत माणसं पाहून उमटला. सोबत ही हौस नाही, गरज आहे, असं मी म्हणते ते यामुळे.

याच अभ्यासातली एक नोंद मला फार मोलाची वाटते, आणि ती या तरुणासाठीच होती. जे लोक आधीचे कित्येक महिने एकाकी होते, त्यांना 10 तासांच्या एकांतानंतर माणसांची ओढ इतरांपेक्षा कमी वाटली. त्यांची गरज संपली होती असं मला वाटत नाही. फार दिवस न भागलेली भूक हळूहळू जाणवेनाशी होते, असा मी त्याचा अर्थ लावते. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मग धस्स का होतं?"

त्यासाठी 2018 चं एक संशोधन सांगितलं. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत मोरिएल झेलिकॉव्स्की आणि डेव्हिड अँडरसन यांनी उंदरांना दोन आठवडे एकटं ठेवलं. ते आक्रमक झाले, धोका टळून गेला तरी भेदरून थिजलेलेच राहिले. त्यांच्या मेंदूत ठिकठिकाणी टॅकिकायनिन 2 हे द्रव्य वाढलं होतं. ते पेशीवरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) काम करतं तो औषधानं अडवल्यावर हे परिणाम बरेच ओसरले. एक दिवसाचा एकांत सोबत शोधायला लावतो, लांबलेला एकांत बचावाकडे झुकवतो. आणि निदान उंदरांत तरी हा झुकाव कायमचा नव्हता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ते औषध एकाकीपणावरचा इलाज नव्हे, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं.

"मग ऑक्सिटोसिनचा स्प्रे घेऊ का?" हा त्याचा पुढचा प्रश्न. ऑक्सिटोसिन म्हणजे जवळीक निर्माण करणारं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक. घेऊ नका, म्हटलं. प्रेअरी व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी जोडीनं राहतो, आणि ही जोडी ऑक्सिटोसिनमुळेच जमते असं कित्येक वर्षं मानलं जाई. 2023 मध्ये देवानंद मनोली आणि नीराव शाह यांच्या गटांनी ऑक्सिटोसिनचा ग्राहकच नसलेले व्होल तयार केले. त्यांनीही जोड्या जमवल्या, पिल्लं वाढवली. जवळीक कुठल्याही एका द्रव्यावर उभी नसते.

खरं काम यानंतर सुरू झालं. एकाकीपणावरच्या उपायांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये मासी, कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी घेतला होता. लोकांशी नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा, दुसऱ्याच्या वागण्याचा आपण लावत असलेला अर्थ तपासणं त्यात अधिक परिणामकारक ठरलं. माझाही अनुभव तोच आहे. उशिरा आलेलं उत्तर म्हणजे "मी नको आहे", हा अर्थ त्याच्या मनात क्षणात उमटायचा. म्हणून प्रत्येक संपर्काआधी "काय होईल असं वाटतंय" आणि नंतर "काय झालं" हे तो लिहू लागला. वाक्यं आधी घोकणं, दाराजवळची जागा धरणं, हातात फोन धरून ठेवणं या बचावाच्या सवयीही एकेक करून सोडायच्या होत्या. पहिलं पाऊल अगदी लहान ठेवलं: ऑफिसच्या मीटिंगमध्ये शेवटची पाच मिनिटं कॅमेरा सुरू.

पुढे त्यानं एका जुन्या मित्राला मेसेज केला. आधी वहीत लिहिलं होतं, "तो चिडेल किंवा उत्तरच देणार नाही." मित्राचं उत्तर आलं, "मला वाटलं, तूच मला तोडलंस." ते दोघं आता अधूनमधून भेटतात. अजूनही तो कधीकधी ऐन वेळी बेत रद्द करतो, आणि त्या दिवशीचं पानही घेऊन येतो.

ज्यांना माणसांबरोबरच आवडीचं काम, खाणं, झोप या सगळ्यातलाच रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला आहे, त्यांनी मात्र आधी मनोविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं, कारण ते नैराश्य असू शकतं. जगणंच नकोसं वाटत असेल, तर आजच एखाद्या माणसाला सांगा आणि तातडीनं डॉक्टरांकडे जा.