प्लगइन म्हणजे नेमके कोणते?

प्रश्न : वेताळ टेकडीवरील झाडांची नोंद आमचा गट क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करतो. नव्या सदस्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत आम्ही प्रत्येक जोडसाधनाला सरसकट ‘प्लगइन’ म्हटले आहे. परिणामी एक सदस्य डीबी मॅनेजर हे डेटाबेस हाताळण्याचे साधन डाउनलोड करण्यासाठी शोधत राहिला, तर दुसरीने ‘सागा’ या भूविश्लेषणाच्या प्रोग्रॅमचे प्लगइन बसवूनही तिला त्याचे बटण कोठेच दिसेना. या प्रकारांना कोणती नावे द्यावीत?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ‘कोअर’, ‘पायथन’, ‘प्रोसेसिंग’, ‘सर्व्हर’ ही विशेषणे अनेकदा एकाच ओळीत मांडली जातात आणि त्यामुळे ती एकाच वर्गीकरणातील असावीत असा समज होतो. वास्तविक साधन कोठून आले, ते कोणत्या भाषेत लिहिले आहे आणि ते कोठे काम करते, असे हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एकच प्लगइन एकाच वेळी बाह्य, पायथनमधील आणि प्रोसेसिंगचे असू शकते.

पहिला प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. डीबी मॅनेजर, मेटासर्च, टोपॉलॉजी चेकर ही कोअर प्लगइन्स मूळ प्रोग्रॅमबरोबरच संगणकावर येतात. प्लगइन मॅनेजरमध्ये त्यांच्यापुढील खूण लावायची किंवा काढायची एवढेच आपल्या हाती असते आणि त्यांची सुधारित आवृत्ती क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्तीबरोबरच मिळते. आपल्या पहिल्या सदस्याला ‘बसवा’ऐवजी ‘सुरू करा’ असे सांगितले असते तर त्याचा शोध वाचला असता. बाह्य प्लगइन्स मात्र अधिकृत भांडारातून किंवा झिप फाइलमधून घ्यावी लागतात, स्वतंत्रपणे अद्ययावत होतात आणि सामान्यतः वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये साठवली जातात; म्हणून महाविद्यालयातील सामाईक संगणकावर एकाने बसवलेले प्लगइन दुसऱ्याच्या खात्यात दिसत नाही.

भाषेचा उल्लेख सामान्य वापरकर्त्यासाठी गाळावा. ‘कोअर म्हणजे सी प्लस प्लस’ हे समीकरण बरेच जण गृहीत धरतात, परंतु टोपॉलॉजी चेकर सी प्लस प्लसमध्ये असला तरी डीबी मॅनेजर पायथनमध्ये लिहिलेला आहे.

आपल्या दुसऱ्या सदस्येची अडचण तिसऱ्या प्रश्नातली आहे. काही प्लगइन्स मेनूत काहीही जोडत नाहीत. ती प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये, म्हणजे विश्लेषणाच्या साधनांच्या यादीत, साधनांचा एक गट तेवढा आणतात आणि अशा गटाला प्रोव्हायडर म्हणतात. सागाचा प्रोव्हायडर पूर्वी क्यूजीआयएससोबतच येत असे, आता तो ‘नेक्स्टजेन’ नावाच्या बाह्य प्लगइनमधून मिळतो. त्याची साधने टूलबॉक्समध्येच शोधावी लागतात आणि सागा हा मूळ प्रोग्रॅम संगणकावर वेगळा नसेल तर ती चालतही नाहीत. प्रोसेसिंग स्वतः एक कोअर प्लगइन आहे, त्यामुळे त्याची खूण निघाली की टूलबॉक्सच नाहीसा होतो! शिवाय पोस्टजीआयएस (डेटाबेस) किंवा डब्ल्यूएमएस (इंटरनेटवरील नकाशा सेवा) यांतून माहिती वाचणाऱ्या घटकांनाही प्रोव्हायडर म्हणतात, म्हणून मार्गदर्शिकेत ‘प्रोसेसिंग प्रोव्हायडर’ आणि ‘डेटा प्रोव्हायडर’ अशी पूर्ण नावेच लिहावीत. सर्व्हर प्लगइन्स नकाशे इंटरनेटवर पुरवणाऱ्या क्यूजीआयएस सर्व्हरसाठी असतात; टेकडीवरील नोंदींसाठी आपल्याला त्यांची गरज पडणार नाही.

टूलबॉक्समध्ये जोडलेली पायथन स्क्रिप्ट किंवा साधने एकमेकांस जोडून तयार केलेले मॉडेल यांना मात्र प्लगइन म्हणूच नये, कारण प्लगइन मॅनेजरच्या यादीत ती कधीच दिसणार नाहीत.

मार्गदर्शिकेतील नोंद साधारण अशी असावी : ‘क्विकओएसएम — बाह्य प्लगइन, अधिकृत भांडारातून बसवावे, व्हेक्टर मेनूत आणि प्रोसेसिंग टूलबॉक्समध्येही सापडते.’ त्यापुढे क्यूजीआयएसची आवृत्ती अवश्य लिहावी, कारण साधने आपली जागा बदलतात. जिओरेफरन्सर (स्कॅन केलेल्या नकाशाला भौगोलिक स्थान देणारे साधन) पूर्वी प्लगइन होता. आता तो मुख्य प्रोग्रॅमचाच भाग असून अलीकडील आवृत्त्यांत लेयर मेनूत आहे. ‘आधी प्लगइन सुरू करा’ ही जुन्या पुस्तिकांतील सूचना पाळणारा विद्यार्थी तेथे व्यर्थ अडकतो.

प्रश्न : प्लगइनच्या माहितीत ‘रास्टर’ (चित्ररूप माहिती) किंवा ‘व्हेक्टर’ (बिंदू-रेषारूप माहिती) असा वर्ग दिलेला असतो. तोच त्याचा प्रकार समजावा का?
— एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर, पुणे

उत्तर : नाही. प्लगइन कोणत्या मेनूत सापडेल याची ती लेखकाने मेटाडेटा फाइलमध्ये, म्हणजे प्लगइनविषयीच्या माहितीच्या फाइलमध्ये, दिलेली सूचना असते; प्रत्यक्ष जागा प्लगइनच्या कोडवर ठरते, त्यामुळे दोन्हींत तफावत आढळू शकते. त्याच फाइलमधील ‘एक्सपेरिमेंटल’ (प्रायोगिक) ही नोंद मात्र आपण गांभीर्याने घ्यावी. असे प्लगइन, प्लगइन मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय, यादीत येत नाही, म्हणून शोधूनही एखादे नाव सापडले नाही तर आधी त्या परवानगीची खूण तपासावी.