उकळलं की सगळं मरतं?

प्रश्न : आमच्याकडे म्हशीचं दूध सकाळी साडेसहाला येतं. मी ऑफिसला निघते, सासूबाई पूजाबिजा आटपून अकराला तापवतात, तोवर ते ओट्यावरच. बोललं की म्हणतात, नासलं नाही ना, मग उकळलं की सगळं मरतं. खरं कोणाचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. उकळल्यावर बहुतेक जंतू मरतातच, पण तोवर त्यांनी दुधात विष सोडलं असेल तर ते कुठे जातं? स्टॅफिलोकॉकस ऑरियस म्हणून एक जंतू आहे, दगडी झालेल्या, म्हणजे सुजलेल्या कासेतून येतो नाहीतर धार काढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून, कोमट दुधात त्याला काही तास मिळाले की तो वाढतो आणि त्याचं विष उकळूनही टिकतं. आणि नासण्यावर भरवसा नको, दूध नासतं ते आंबटपणा वाढल्यामुळे, हे विष असलेलं दूध वासाला चवीला एकदम ठीक लागू शकतं.

जपानमध्ये 2000 साली हेच झालं. होक्काइदोमधल्या स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात मार्चअखेर लाइट गेली, दूध मशीनमध्ये कोमट पडून राहिलं, पुढे त्याची पावडर केली, ती ओसाकाच्या कारखान्यात लो-फॅट दुधात वगैरे वापरली आणि जून-जुलैत 13 हजारांवर लोक उलट्या-जुलाबांनी आडवे झाले. पाश्चरायझेशन, म्हणजे जंतू मारायला दूध तापवणं, झालेलं होतं बरं का! जंतू मेले, विष राहिलं.

तर भांडण नको, दूध आलं की तुम्हीच पातेलं सरळ फ्रीजमध्ये ठेवून निघा, सासूबाई अकराला तापवू देत. तापवल्यावरही ते संध्याकाळपर्यंत गॅसजवळ ठेवू नका, कारण बॅसिलस सिरियस या दुसऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्याचं रूप, उकळी पचवतात आणि दूध कोमट झालं की परत जागे होतात. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, निवलं की फ्रीजमध्ये.

प्रश्न : गंगावेशीत दूध कट्ट्यावर आम्ही लहानपणापासून धारोष्ण पितोय, काही झालं नाही. आता नातवाला नेऊ का?
– एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : आजोबा, न्या की, कट्टा दाखवा, पण दूध घरी आणून उकळून पाजा. ताजेपणाचा इथे काही उपयोग नाही, म्हशीला ब्रुसेला जंतूचा आजार (ब्रुसेलोसिस) किंवा गुरांचा टीबी असेल तर जंतू धारेतूनच येतात आणि म्हैस दिसायला ठणठणीत असू शकते. माणसाला ब्रुसेलोसिस झाला की ताप आठवडे-आठवडे येतो-जातो, घाम, सांधेदुखी, आणि कितीतरी दिवस टायफॉइड समजून औषधं चालू राहतात. गोठ्यात म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली (गर्भ पडला) किंवा व्यायल्यावर वार अडकली असं कळलं तर जास्तच सावध राहा. मालकाला विचारा, रेडकांमधल्या माद्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस दिली का (रेड्यांना ती देत नाहीत). 2019 पासून सरकारी मोहिमेत ती देतात. लस दिली असली तरी दूध उकळायचंच.

प्रश्न : पिशवीचं दूध उकळावं लागतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं, डेअरीपासून घरापर्यंत गार राहिलं असेल तर नाही उकळलं तरी चालतं. पण दुकानासमोर क्रेट उन्हात दिसत असेल तर त्या दुकानातून घेऊच नका, उकळण्याची गोष्ट नंतर.