वादळ आलं, मग खाडीतलं पाणी आटलं कसं?

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मिल्टन’ चक्रीवादळ फ्लोरिडावर येत होतं. माझी लेक टॅम्पाची. ती आधीच अटलांटाला मैत्रिणीकडे गेली होती. मी इथून सारखी उपग्रहाची चित्रं बघत होते. टॅम्पाची खाडी भरण्याऐवजी ओसरली. असं का झालं? – एक वाचक, पुणे

उत्तर : मीही रात्रभर जागाच होतो. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, किनाऱ्याला लागला तेव्हा आपल्याकडे १० तारखेची सकाळ उजाडत होती. तो लागला फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ‘सिएस्टा की’ या बेटाजवळ, म्हणजे टॅम्पाच्या दक्षिणेला. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे डोळ्याच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटला आणि त्याने खाडीतलं पाणी बाहेर लोटलं. डोळा टॅम्पाच्या उत्तरेला लागला असता, तर समुद्र खाडीत घुसला असता.

वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर शंकूच्या आकाराचा पट्टा असतो, त्या शंकूची मधली रेघ धरून बसू नका, हे मी कळकळीने सांगतो. शंकू फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, वादळाचा पसारा नाही. मिल्टन पश्चिम किनाऱ्याला लागण्याच्या काही तास आधी पार पूर्वेकडे, सेंट लुसी काउंटीत, टोर्नेडोंनी, म्हणजे वादळातून निघालेल्या जोरदार वावटळींनी, माणसं मारली.

लेकीने घर सोडलं ते योग्यच केलं. तिथे घरं सोडण्यासाठी भागांना अक्षरं दिलेली असतात, त्यांना इव्हॅक्युएशन झोन म्हणतात; तिचं घर कोणत्या झोनमध्ये येतं, ते अक्षर तिला आजच विचारून ठेवा. घर सोडण्याचे आदेश त्यावरूनच निघतात.