‘सदोष मनुष्यवध’ की ‘हयगयीने मृत्यू’?

अलिबागच्या एका वाचकांनी विचारले आहे की, आयर्टन सेन्ना या मोटार शर्यतपटूच्या मृत्यूनंतर इटलीत चाललेल्या खटल्याला मराठीत कुठे ‘हत्येचा’, तर कुठे ‘सदोष मनुष्यवधाचा’ खटला म्हटलेले आढळते. त्यांतले योग्य कोणते, आणि ‘सदोष’ असे विशेषण लावायचे तर मनुष्यवध निर्दोषही असू शकतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. स्वसंरक्षणाच्या हक्काच्या मर्यादेत राहून कोणी हल्लेखोराला ठार केले, तर मनुष्यवध घडतो, पण कायदा त्यात दोष पाहत नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल, कारण येथे व्युत्पत्तीच आपल्याला चकवते.

इटलीतील आरोपाचे नाव ‘ओमिचिदिओ कोल्पोसो’ असे आहे. ‘कोल्पोसो’च्या मुळाशी लॅटिन ‘कुल्पा’, म्हणजे दोष, हा शब्द आहे, आणि इंग्रजी ‘कल्पेबल’ही त्याच मुळातून आलेला आहे. त्या इंग्रजी संज्ञेसाठीच आपल्याकडे ‘सदोष मनुष्यवध’ रूढ झाले. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवला की भाषांतर अचूक वाटते. पण मूळ एक असले तरी हे शब्द दोन वेगळ्या घरी नांदले. आपल्या कायद्यात सदोष मनुष्यवधाला मृत्यू घडवण्याचा उद्देश, मृत्यू ओढवण्याचा संभव असलेली इजा करण्याचा उद्देश, किंवा आपल्या कृतीने मृत्यू येण्याचा संभव आहे याची जाणीव, यांपैकी काहीतरी लागते. इटालियन ‘कोल्पोसो’त उद्देश नसतो, घ्यावयाची काळजी न घेतल्याचा दोष असतो. त्याच्या जवळचे आपले कलम म्हणजे जुन्या दंडसंहितेतील ३०४-अ, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील १०६. ‘सदोष मनुष्यवध होत नाही अशी’ बेदरकारपणाची किंवा हयगयीची कृती, असे हे कलम स्वतःच सांगते, त्यामुळे शंकेला जागाच राहत नाही. ‘हत्या’ तर येथे मुळीच बसत नाही.

‘बेदरकारपणा’ आणि ‘हयगय’ या दोन शब्दांची निवडही मला महत्त्वाची वाटते. मुंबई-गोवा महामार्गावरील अपघाताच्या फिर्यादीत ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगाने’ ही शब्दावली आपण नेहमी वाचतो, आणि तेथे भरधाव वेग हाच आरोप असतो. शर्यतीच्या धावपट्टीवर तोच वेग चालकाचे काम असतो. म्हणून तेथे वेगाला बेदरकारपणा म्हणता येत नाही. शोध घ्यायचा तो हयगयीचा, आणि ती बहुधा चालकाच्या आसनापासून दूर, कार्यशाळेत किंवा आयोजकांच्या कचेरीत सापडते. हर्णैच्या बंदरात कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही: भर समुद्रात सुकाणू निखळले, तर तांडेलाइतकाच ते बसवणाराही जाब देणे लागतो. (‘जबाबदार’ म्हणजे मुळात जबाब देणे ज्याच्याकडे आहे तो, ‘जाब’ हे त्याच ‘जबाब’चे झिजलेले रूप.)

सेन्नाच्या खटल्यात वाद नेमका सुकाणूचाच होता. १ मे १९९४ रोजी इमोला येथे, सातव्या फेरीत, टाम्बुरेलो वळणावर त्याची गाडी सरळ भिंतीवर गेली. त्याला बसायला अधिक जागा मिळावी म्हणून सुकाणूचा दांडा कापून त्यात कमी व्यासाची नळी जोडण्यात आली होती. हा दांडा धडकेपूर्वी तुटला की धडकेमुळे, यावर अभियंत्यांत एकमत झाले नाही. विल्यम्स संघाचे प्रमुख व अभियंते आणि शर्यतीशी संबंधित अधिकारी अशा सहा जणांवर खटला चालला, व डिसेंबर १९९७ मध्ये सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. पुढे अपिले होत राहिली. अखेर २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वाईट रीतीने आखलेल्या व केलेल्या बदलामुळे दांडा तुटला आणि देखरेख न ठेवल्याची जबाबदारी तांत्रिक संचालक पॅट्रिक हेड यांच्याकडे जाते. परंतु मुदत उलटून गेल्याने शिक्षेचा प्रश्न उरला नव्हता.

या देखरेखीच्या अभावासाठी मी ‘कसूर’ हा शब्द सुचवीन. अरबीतून आलेल्या या शब्दात कमी पडणे हा अर्थ आहे, आणि जे करायला हवे होते ते न करण्याचा दोष त्यात ‘चूक’पेक्षा नेमका उतरतो. तेव्हा ‘हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा खटला’ असे लिहावे, आणि हेड यांच्याबाबतीत शेवटी ‘निर्दोष सुटले’ असे न लिहिता ‘आरोप मुदतबाह्य ठरला’ असे लिहावे, कारण ते निर्दोष असल्याचे त्या अखेरच्या निकालाने म्हटलेले नाही.