डोळ्यांतलं शिसं: इजिप्तचं काजळ आणि मलम

प्रश्न: जुन्या इजिप्तच्या चित्रांत सगळ्यांच्या डोळ्यांभोवती जी जाड काळी रेघ दिसते तिला ते लोक 'कोहल'च म्हणायचे का? आणि ते नुसतं नटणं होतं की औषधपण?

उत्तर: कोहल नाही हो, तो अरबी शब्द, फॅरो राजांचा काळ संपल्यावर कितीतरी शतकांनी तिथे आला. त्यांचा स्वतःचा शब्द 'मेसदेमेत', आणि तोही लिहायचे नुसता म-स-द-म-त, कारण त्या लिपीत स्वर लिहीतच नसत, मधले 'ए' आजच्या अभ्यासकांनी बोलायला सोपं जावं म्हणून घुसडलेत. हे काळं म्हणजे मुख्यतः गॅलिना, शिशाचं खनिज, लाल समुद्राकाठच्या गेबेल झीतला त्याच्या खाणी होत्या. हिरव्याला वेगळा शब्द, 'वाजू', तो मॅलकाइट या तांब्याच्या खनिजाचा, आणि सुरुवातीच्या काळात हिरवाच जास्त चालायचा, काळ्याने नंतर बाजी मारली.

मालाला भाव किती होता ते इजिप्तमधल्या बेनी हसनला खनुमहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात बघा. भिंतीवर परदेशी लोकांचा एक तांडा रंगवलाय, रंगीबेरंगी कपडे, गाढवं, पोरंबाळं, आणि पुढे उभा असलेला लेखनिक हातातली पाटी दाखवतोय, त्यावर लिहिलंय की राजाच्या कारकिर्दीच्या 6व्या वर्षी हे 37 जण मेसदेमेतसाठी आले. चित्रात माणसं मात्र 15च आहेत, बाकीच्यांना भिंतीवर जागा मिळाली नसावी!

आता औषधाचं. इ.स.पू. 1550च्या सुमाराचा एबर्स पपायरस (औषधोपचारांचं जुनं हस्तलिखित) सध्या जर्मनीत लाइपझिगला आहे, त्यात डोळ्यांच्या दुखण्यांवर शंभरच्या आसपास उपाय आहेत आणि त्यांत हेच मेसदेमेत मध, गेरू वगैरेंबरोबर परत परत येतं. म्हणजे नटणं वेगळं, औषध वेगळं ही वाटणी आपली, त्यांनी दोन्हीला एकच नाव ठेवलं होतं. पॅरिसच्या लूव्र म्युझियममधल्या जुन्या इजिप्शियन डब्यांतली पूड तपासली तेव्हा तिच्यात शिशाचे असे क्षार सापडले जे निसर्गात सहसा तयार होत नाहीत, म्हणजे कोणीतरी शिशाचं ऑक्साइड, मीठ आणि पाणी घेऊन, रोज पाणी बदलत आठवडेच्या आठवडे ते मुद्दाम बनवत होतं, एवढी चिकाटी निव्वळ दिसण्यासाठी असेल असं मला तरी वाटत नाही. 2010 साली फ्रेंच संशोधकांनी हे क्षार अगदी कमी प्रमाणात त्वचेच्या पेशींवर टाकून पाहिले तर नायट्रिक ऑक्साइड वाढलं, जे शरीराच्या बचावाच्या कामी येतं. पण म्हणून कोणी शिशाचा सुरमा लावायला जाऊ नका, शिसं हे विषच, लहान मुलांना तर फारच वाईट.

प्रश्न: मग ते काळं म्हणजे अँटिमनी हा धातूसारखा पदार्थ होता असं सगळीकडे लिहितात ते?

उत्तर: नावाचा घोळ. मेसदेमेतच्याच घराण्यातला शब्द ग्रीकमध्ये 'स्टिम्मी' आणि लॅटिनमध्ये 'स्टिबियम' झाला, पुढे तो अँटिमनीला चिकटला (तिचं रासायनिक चिन्ह एसबी आलं ते यातूनच), मग लोकांनी उलटा हिशेब लावला की इजिप्तवालेही तेच लावत असणार. डब्यांतल्या नमुन्यांत मात्र बहुतेक ठिकाणी गॅलिनाच निघतं, अँटिमनी क्वचितच.