‘सक्सेशन’ला मराठीत काय म्हणावे?

ऐरोलीला राहणाऱ्या आणि पदवीच्या वर्गांसाठी मराठीतून टिपणे तयार करणाऱ्या एका वाचकांनी असे विचारले आहे की, ‘सक्सेशन’ हा इंग्रजी शब्द राज्यशास्त्रात येतो, परिसरविज्ञानात येतो आणि संगीतावरील लेखनातही येतो. कोशात पहिला प्रतिशब्द ‘उत्तराधिकार’ असा मिळतो. तेव्हा तो तिन्हीकडे चालवावा, की प्रत्येक विषयासाठी निराळा शब्द घ्यावा? माझे स्पष्ट मत असे आहे की निराळे शब्द घ्यावेत. इंग्रजी शब्द ‘एकाच्या मागून दुसरे येणे’ एवढेच सांगून थांबतो. त्या दोघांचे नाते काय, हे तो संदर्भावर सोडून देतो. मराठी शब्द हे नाते आधी विचारतात. मागून येणाऱ्याचा आधीच्यावर हक्क आहे का, आधीच्याने त्याच्यासाठी जमीन तयार केली आहे का, की त्याला समोर बसवून शिकवले आहे, यावर आपला शब्द ठरतो.

प्रथम ‘उत्तराधिकार’ हा शब्दच पाहू. यातील ‘उत्तर’ म्हणजे नंतरचा. उत्तरार्ध, उत्तररात्र, उत्तरक्रिया या शब्दांत तोच अर्थ आहे. पण शब्दाचा भार ‘अधिकार’ या दुसऱ्या पदावर आहे. अधिकार नसेल तर नुसत्या ‘उत्तर’ असण्याने कोणी उत्तराधिकारी होत नाही. ठाण्याचा इतिहास याला चांगली साक्ष देतो. शिलाहारांच्या काळी श्रीस्थानक म्हणून गाजलेल्या या गावावर पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला. एकामागून एक सत्ता आल्या, म्हणून इंग्रजीत याला सत्तांचे ‘सक्सेशन’ सहज म्हणता येईल. मराठीत मात्र मराठे हे पोर्तुगिजांचे उत्तराधिकारी होते असे कोणी लिहिणार नाही. आपण ‘सत्तांतर’ म्हणतो. ज्या किल्ल्यात आज कारागृह आहे, तो वारशाने कोणाला मिळालेला नाही, तो प्रत्येक वेळी जिंकून घेतलेला आहे.

राज्याच्या बाबतीत मराठीचा खरा जिव्हाळ्याचा शब्द ‘गादी’ हा आहे आणि त्याच्याभोवती किती बारीक भेद साठले आहेत ते पाहण्यासारखे आहे. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले. त्यानंतर काही मंत्र्यांच्या पुढाकाराने राजारामांचे झाले ते मंचकारोहण. संभाजीराजांनी रायगड ताब्यात घेऊन जानेवारी १६८१ मध्ये करविला तो राज्याभिषेक. एक आसनावर बसणे आहे, दुसरा विधिपूर्वक मिळालेला अधिकार आहे, आणि ‘सक्सेशन’ या एका शब्दात हे दोन्ही दडपून जातात. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, इकडे ताराबाई आपल्या पुत्राच्या नावाने कारभार करीत होत्या, आणि त्या वादातून सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांच्या सीमा ठरल्या. ‘दोन गाद्या’ हा प्रयोग मला फार बोलका वाटतो. माणसे येतात आणि जातात, गादी त्यांच्याहून निराळी वस्तू म्हणून कायम राहते, रिकामी पडते, दुभंगतेही.

पेशव्यांच्या बाबतीत भाषेने आणखी एक भेद जपला. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये, बाजीरावांना १७२० मध्ये आणि नानासाहेबांना १७४० मध्ये पेशवेपद मिळाले. बापाचे मुलाला आणि त्याचे पुढे त्याच्या मुलाला. व्यवहारात पद वंशपरंपरेने चालू लागले, तरी शब्द कायम राहिला तो ‘पेशवाईची वस्त्रे मिळाली’ हाच. वस्त्रे छत्रपतींनी द्यायची असतात. ती वारशात सापडत नाहीत. राज्यशास्त्राच्या टिपणात हा फरक विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावा, कारण पदावरचा हक्क आणि पदावरची नेमणूक यांतील अंतर त्यातून लख्ख दिसते.

‘वारसा’ आणि ‘गादी’ यांतील भेदाने तर राज्ये गेली आहेत. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा करताना गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात जे तत्त्व लावले गेले, ते आपल्या शालेय पुस्तकांत ‘दत्तक वारस नामंजूर’ या शब्दांत येते. त्या तत्त्वाचा गाभा असा होता की, दत्तक पुत्राला धन्याची खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. म्हणजे वारस मान्य, पण गादीचा उत्तराधिकारी अमान्य. १८५४ मध्ये झाशीवर हीच पाळी आली.

आजच्या कायद्यात ‘उत्तराधिकार’ मालमत्तेकडे वळला आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम आणि २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी त्याची दुरुस्ती ही अधिकृत नावे आहेत; तलाठ्याकडे मात्र आपण ‘वारस नोंद’च करायला जातो. अरबीतून आलेला ‘वारस’ बोलण्यात इतका मुरला आहे की त्याला ‘दार’ जोडून ‘वारसदार’ करताना द्विरुक्ती होते आहे हेही जाणवत नाही. तो शब्द रूढ आहे आणि मी तो चुकीचा मानत नाही.

लोकशाहीतील पदांसाठी मात्र ‘वारस’ आणि ‘उत्तराधिकारी’ हे दोन्ही शब्द जपून वापरावेत असे मी आग्रहाने म्हणेन. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले, तेव्हा उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार सांभाळला. निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्याकडे तो आला आणि २४ ऑगस्टपर्यंत त्यांच्याकडे राहिला. ही सारी व्यवस्था इंग्रजीत ‘सक्सेशन’खाली मोडते. मराठीत तिला ‘कार्यभार’ हाच नेमका शब्द आहे, कारण तिथे पदावर हक्क मिळालेला नसतो, पदाचे काम काही काळ अंगावर घेतलेले असते. निवडून आलेल्या माणसाच्या बाबतीत ‘पदभार स्वीकारला’ म्हणावे. वर्तमानपत्रांतला ‘राजकीय वारस’ हा प्रयोग घराण्याचा दावा सांगतो, पदाची घटनात्मक स्थिती सांगत नाही. टिपणात या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ नये.

आता परिसरविज्ञान. इथे ‘उत्तराधिकार’ सपशेल चुकतो. पाठ्यपुस्तकी मराठीत ‘अनुक्रमण’ हा शब्द आहे आणि तोच ठेवावा. अनु म्हणजे मागून, आणि क्रम या शब्दाच्या मुळाशी पाऊल टाकणे आहे. इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही ‘जाणे’ हीच क्रिया आहे, त्यामुळे जोडी चांगली जुळते. तरी केवळ ‘एका वनस्पतीसमूहाच्या जागी क्रमाने दुसरा येणे’ अशी व्याख्या देऊन थांबले तर त्यातली मुख्य गोष्ट निसटते. ती गोष्ट अशी की, राज्यात गादी तीच राहते आणि बसणारा बदलतो, पण इथे बसणारा गादीच बदलून टाकतो.

हे पाहण्यासाठी प्रश्नकर्त्यांना घरापासून लांब जावे लागणार नाही. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून ठाण्याच्या खाडीकडे पाहिले, तर उघड्या चिखलात बोटांसारखी हजारो श्वसनमुळे वर आलेली दिसतात. ती तिवराची. भरतीचे पाणी या मुळांच्या जंगलात शिरले की त्याचा वेग मंदावतो आणि त्यातला गाळ तिथेच बसतो. चिखल थोडा उंचावतो, थोडा घट्ट होतो, आणि मोकळ्या चिखलावर जे जगू शकत होते त्यांची जागा आखडत जाते. रोहित पक्ष्यांना चरायला तर तोच मोकळा चिखल हवा असतो. २०१५ मध्ये ज्या खाडीला रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये जी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली, तिथे तिवरांचे पसरणे आणि चिखलपट्ट्यांचे आटणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू आहेत. नवी मुंबईत भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेल्या धारण तलावांतही गाळ साचून कांदळवन उभे राहिले आहे. गाळ उपसावा तर कांदळवनाला असलेले कायद्याचे संरक्षण आड येते आणि न उपसावा तर पाणी साठवण्याची जागा कमी होते. या झाडांना कोणी उत्तराधिकारी नेमले नव्हते. पाणी, मीठ आणि गाळ यांनी जागा केली, आणि त्या जागेत जगू शकणारे आले.

या शास्त्रातील जुना वाद शब्दाच्या निवडीशी थेट जोडलेला आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये असे मांडले की वनस्पतीसमूह एखाद्या सजीवासारखा ठरलेल्या टप्प्यांनी वाढतो आणि हवामानाने निश्चित केलेल्या एका अंतिम, स्थिर अवस्थेला पोहोचतो. हेन्री ग्लीसन यांनी, विशेषतः १९२६ मधील लेखात, याला विरोध केला. प्रत्येक जाती आपापल्या गरजेप्रमाणे येते, ठरलेले अंतिम रूप असे नसते, हे त्यांचे म्हणणे. ‘उत्तराधिकार’ हा शब्द वापरला तर आपण नकळत क्लेमेंट्स यांच्या बाजूने कौल देतो, जणू अंतिम अरण्याचा त्या जागेवर आधीपासूनच हक्क होता. ‘अनुक्रमण’ असा कौल देत नाही, आणि तो निवडण्याचे माझे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

पुढे १९७७ मध्ये कॉनेल आणि स्लॅटियर यांनी आधीच्या जातींचा नंतरच्यांवर होणारा परिणाम तीन प्रकारांत मांडला: साहाय्य, सहनशीलता आणि अटकाव. यांतल्या दोहोंसाठी मराठीत शेतकऱ्यांचे आणि रानातले शब्द तयार आहेत. साहाय्यासाठी ‘बेवड’. आधीच्या पिकाने जमीन पुढच्या पिकाला कशी करून ठेवली, हे शेतकरी या एका शब्दात सांगतो. हरभऱ्यासारखे द्विदल पीक बेवड म्हणून चांगले, कारण त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. ‘फेरपालट’ हा शब्द पिकांचा क्रम सांगतो, ‘बेवड’ त्या क्रमामागचे कारण सांगतो. ठाण्यात येऊरच्या उघड्या खडकावर दगडफूल धरते, त्याच्या खाली चिमूटभर माती जमते, त्या मातीत शेवाळ आणि मग गवत येते, तेव्हा दगडफुलाने गवतासाठी बेवड केली असे मी वर्गात निःसंकोच म्हणेन. अटकावासाठी ‘रानमोडी’ या झुडपाचे नावच पुरेसे आहे. मोकळी झालेली जमीन ते आणि घाणेरी असे काही व्यापतात की खालच्या रोपांना प्रकाश मिळत नाही आणि अनुक्रमण वर्षानुवर्षे अडून राहते. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी ही प्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती.

संगीतात ‘सक्सेशन’चे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत, आणि ते एकत्र भाषांतरित करू नयेत. पहिला अर्थ स्वरांचा किंवा स्वरसंघातांचा (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा, ‘कॉर्ड्स’चा) नुसता क्रम. पाश्चात्त्य संगीतविचारात संगीतकार आर्नल्ड शोनबर्ग यांनी स्वरसंघातांच्या दिशाहीन मालिकेसाठी हा शब्द राखून ठेवला आणि विशिष्ट लक्ष्याकडे जाणाऱ्या मालिकेला निराळे नाव दिले. तिथे ‘अनुक्रम’ आणि ‘गती’ अशी जोडी चालेल. आपल्याकडे हा भेद रागाच्या पातळीवर येतो. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. केवळ आरोह-अवरोह लिहून ठेवला तर दोन्हींचा अनुक्रम एकच दिसेल. गायक भूपात गंधाराला आणि देशकारात धैवताला वादी, म्हणजे रागाचा प्रमुख स्वर, करतो, कुठे थांबायचे आणि कुठून उचलायचे ते बदलते, आणि राग वेगळा होतो. या जिवंत क्रमाला आपण ‘चलन’ म्हणतो. रागसंगीताविषयी लिहिताना हाच शब्द घ्यावा.

दुसरा अर्थ गुरूकडून शिष्याकडे जाणारी परंपरा. घराण्याच्या प्रमुखाला खलिफा म्हणण्याची रीत आहे आणि तिथे उत्तराधिकाराचा रंग खरोखरच आहे. पण गायकी त्या वाटेने बांधून राहत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी अल्लादिया खाँसाहेबांकडून त्यांचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे गेली, तशीच केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडेही गेली. मल्लिकार्जुन मन्सूर मंजी खाँकडे शिकले आणि त्यांच्या निधनानंतर भुर्जी खाँकडे. मोगूबाईंकडून ती किशोरी आमोणकरांकडे आली आणि तिथे तिचे रूप पालटले. ठाण्यात वास्तव्य केलेल्या पं. राम मराठे यांनी मास्टर कृष्णराव, जगन्नाथबुवा पुरोहित अशा अनेक गुरूंकडून विद्या घेतली. त्यांना कोणा एकाचा वारस म्हणणे अपुरे होईल. मालमत्तेचे वाटे पडले की प्रत्येकाचा हिस्सा कमी होतो, आणि गादीवर एका वेळी एकच बसतो. तालमीत देणाऱ्याचे काही उणे होत नाही आणि घेणारे कितीही असू शकतात. म्हणून इथे ‘परंपरा’ आणि ‘तालीम’ हे शब्द योग्य, आणि आधी होऊन गेलेल्यांसाठी ‘पूर्वसुरी’. हा शब्द मराठी माणूस मुख्यतः लेखक, कलावंत, विद्वान यांच्यासाठी वापरतो. आधीच्या मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला सहसा कोणी पूर्वसुरी म्हणत नाही.

‘गादी’ हा शब्द संगीताच्या शेजारी, कीर्तनातही आहे, आणि तिथे त्याचा अर्थ राजकारणाच्या अगदी उलट होतो. कीर्तनकार जिथे उभा राहतो ती नारदाची गादी. तिथे उभा राहिलेला कीर्तनकार वयाने कितीही लहान असला तरी वडीलधारे त्याच्या पाया पडतात, आणि कीर्तन संपवून तो खाली उतरला की गादी त्याची राहत नाही. वारकरी फडांचे प्रमुखपद अनेक ठिकाणी घराण्यात चालते, त्याला उत्तराधिकार म्हणता येईल. नारदाच्या गादीला येत नाही.

तेव्हा टिपणांपुरते सांगायचे तर राज्यशास्त्रात हक्काने मिळणाऱ्या पदासाठी ‘उत्तराधिकार’, जिंकलेल्या सत्तेसाठी ‘सत्तांतर’ आणि तात्पुरत्या जबाबदारीसाठी ‘कार्यभार’, परिसरविज्ञानात ‘अनुक्रमण’, आणि पहिल्या उल्लेखाशी ‘बेवड’चा दाखला, रागाच्या स्वरक्रमासाठी ‘चलन’ आणि गुरुशिष्यांसाठी ‘परंपरा’. शीर्षकात तिन्ही अर्थांना पोटात घेणारा एकच शब्द हवा असेल, तर ‘अनुक्रम’ घ्यावा, कारण तो कोणत्याही हक्काचा दावा करीत नाही.