आजोबा १९७१ च्या युद्धात नौदलात होते. त्यांची माहिती कुठे मिळेल आणि मुलांना काय सांगावं?

आजोबा मागच्या वर्षी गेले, घरात त्यांची पत्र्याची ट्रंक आणि तीन पदकं आहेत, पण युद्धाबद्दल ते कधी काही बोललेच नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझे बाबा मालवणजवळच्या आमच्या गावातून १९६२ साली स्टोकर म्हणून, म्हणजे बोटीच्या बॉयलरवर काम करायला, नौदलात गेले आणि १९७७ ला पेन्शन घेऊन घरी आले. ते वारल्यावर हीच शोधाशोध मी केली आहे, म्हणून लिहिते.

आधी पदकं बघा. त्यांच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नाव आणि नंबर कोरलेला असतो, भिंग लावलं की दिसतो. पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं. पदकं ब्रासोने घासू नका. आमच्या घरी दर दिवाळीला घासून घासून एकाची अक्षरं पार झिजली. त्यांत पश्चिमी स्टार नावाचं पदक असेल तर आजोबा अरबी समुद्राच्या बाजूला होते, पूर्वी स्टार असेल तर बंगालच्या उपसागराकडे. नंतर ट्रंकेत सर्व्हिस सर्टिफिकेट शोधा, कुठल्या बोटीवर कधी होते ते त्यात असतं. नसेल तर खलाशांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला, ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतं. अर्ज आजीच्या नावाने करा. तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर तो लिहायला मदत करतील.

आजीचं नाव मात्र आजच तपासा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माझ्या आईचं नौदलाच्या कागदावर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं. तेवढ्यासाठी तिचं फॅमिली पेन्शन कित्येक महिने अडकलं, प्रतिज्ञापत्रं करावी लागली, आणि ऐंशीच्या घरातली बाई एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरली. मला अजून त्याचा राग आहे.

आता ते बोलले नाहीत त्याबद्दल. बाबा आयएनएस त्रिशूल या युद्धनौकेवर होते. ८ डिसेंबर १९७१ च्या रात्री विनाश ही मिसाइल बोट कराचीवर गेली, तिच्या सोबतीला तलवार आणि त्रिशूल ही दोन फ्रिगेट्स होती. विनाशने चार मिसाइलं सोडली आणि कराची बंदरातल्या किमाडीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. शाळेत असताना मी बाबांना मोठ्या उत्साहाने विचारलं, तुम्ही काय बघितलंत? म्हणाले, "मी खाली बॉयलराकडे होतंय गो. माका काय दिसतला?"

मी कितीतरी वर्षं हिरमुसलेली होते. मग एकदा युद्धाचं सोडून दिलं आणि विचारलं, खाली तुम्ही नेमकं काय करायचात? तर दोन तास बोलले. चार तासांची वॉच, म्हणजे पाळी. समोर काचेची नळी, तिच्यात बॉयलरच्या पाण्याची पातळी. ती खाली गेली तर बॉयलर जाणार, वर गेली तर टर्बाइन. त्या रात्री समुद्र खवळलेला, बोट डोलेल तसं नळीतलं पाणी वरखाली, त्यातून खरी पातळी ओळखायची. चिमणीतून ना धूर जाऊ द्यायचा, ना ठिणगी. घाम इतका, की मिठाच्या गोळ्या खायच्या. वॉच संपवून वर आले तेव्हा मागे आभाळ तांबडं दिसत होतं, एवढंच त्यांनी पाहिलेलं युद्ध. म्हणून आजोबांचे कोणी सोबती हयात असतील तर त्यांना शौर्य विचारू नका, काम विचारा.

दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला रात्री, दीवजवळ आपली आयएनएस खुकरी ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबर गेले. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात बाबांबरोबर बॉयलरचं काम शिकलेला एक मित्र त्यात होता. ९ डिसेंबरला बाबा रात्री जेवायचे नाहीत. पडवीत बसून राहायचे, आणि आई त्यांना जेवायला हाक मारायची नाही. २००५ साली मी त्यांना दीवला घेऊन गेले. तिथे टेकाडावर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती आहे. बाबांनी तिच्याभोवती चक्कर मारली, पाठीमागून येऊन चिमणीखालच्या जागेवर काचेवर बोट ठेवलं. "हय होतो तो," म्हणाले.

गावात तेव्हा एवढंच कळलं होतं की आपलं एक जहाज बुडालं. पत्रावर पत्ता बोटीचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस, मुंबई, एवढाच. बोट कुठे आहे ते कळायची सोय नाही. माझ्या आजीने रामेश्वराच्या देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला साकडं, घालायला लावलं, बोटीर असलेल्या सगळ्या लेकरांका सुखरूप घराक आण रे महाराजा. लोक म्हणाले, व्हय महाराजा. पुढे बाबा असेपर्यंत दर वर्षी ते गाऱ्हाणं झालं, आणि त्यात "सगळ्या" हा शब्द बाबा मुद्दाम म्हणायला लावायचे.

पेन्शनवर आल्यावर बाबा बंदरावर मच्छीमारांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, बेअरिंग गेलाहा. माझा भाऊ तसाच ऐकतो. आता त्याचा मुलगाही. तुमच्या घरात आजोबांची अशी कुठली सवय उतरली आहे ते शोधा, मुलांना तिच्यापासूनच सांगायला सुरुवात करा.

आणि ट्रंक तळापर्यंत उपसा. आमच्या ट्रंकेत गणवेशाखाली आईची पत्रं निघाली, सुतळीने बांधलेली. तिला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि शाळेचे गुरुजी लिहायचे. एकावर तारीख ३० नोव्हेंबर १९७१. "भात झोडून झालं. गाय व्याली, पाडा झाला. बाळीला खालचा एक दात आला आहे. आम्ही सर्व सुखरूप, तुम्ही काळजी करू नये." बाळी म्हणजे मी. त्या पत्राच्या घड्या तेलकट झाल्या आहेत, मधोमध काळ्या अंगठ्याचा ठसा आहे.